टीव्हीमागची डबी आणि आपली मुलं

आईबाबांनो, मुलांच्या हातातला फोन कसा सुटेल हा विषय पालकसभेत निघतो, सोसायटीच्या जिन्यात निघतो, लग्नाच्या पंगतीतही निघतो. त्यावर मिळणारे सल्ले बहुतेक काढून घेण्याचे असतात. पासवर्ड बदला, वाय-फाय बंद करा, फोन कपाटात कुलपात ठेवा. मला आज काढून घेण्याबद्दल बोलायचं नाही. फोन खाली ठेवल्यावर मुलानं बघायचं काय, कुठे बसून आणि कोणाच्या सोबतीनं, हे मला तुमच्याशी बोलायचं आहे.

घरातला सगळ्यांत मोठा पडदा हॉलमध्ये आहे. आपण पैसे साठवून तो घेतला, माप घेऊन भिंतीवर लावला. त्यावर काय दिसावं हे ठरवण्याचं काम मात्र हळूहळू आपल्या हातून गेलं. टीव्ही सुरू केला की समोर येणारी चित्रांची ओळ दुसऱ्या कोणीतरी लावलेली असते आणि सहा वर्षांचं मूल त्यातलं सगळ्यांत भडक चित्र निवडतं. त्यात मुलाचा दोष नाही. पण ठरवण्याचं काम परत आपल्याकडे घेता येतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू तळहातावर मावते.

ही वस्तू म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा संगणक. दुकानात त्याला मिनी पीसी म्हणतात, हौशी मंडळी एचटीपीसी म्हणतात, मी डबी म्हणते. एका केबलनं तो टीव्हीला जोडायचा, त्याला एक हार्ड डिस्क लावायची आणि त्या डिस्कवर आपण निवडलेले सिनेमे, गाणी, गोष्टी, घरचे व्हिडिओ, फोटो ठेवायचे. टीव्ही लावला की हेच समोर येतं, नीट नावानिशी, पोस्टरसकट. जाहिरात येत नाही. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

हे काम करणारं जुनं आणि आजही जोमात असलेलं सॉफ्टवेअर म्हणजे कोडी. २००२ साली काही हौशी प्रोग्रामरनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे आणि गाणी लावता यावीत म्हणून ते लिहायला घेतलं. त्याचं नाव आधी एक्सबॉक्स मीडिया प्लेअर होतं, मग एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं आणि २०१४ मध्ये कोडी. ते फुकट आहे आणि स्वयंसेवकांनी सांभाळलेलं आहे. तुम्ही आणखी वेळ बघत बसावं यात त्याचा काहीच फायदा नाही. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सिनेमा संपला की पडदा पुन्हा यादीवर येतो. पुढचं काही आपोआप सुरू होत नाही. 'संपलं' हा क्षण मुलाला मिळतो आणि त्या क्षणी उठणं त्याला जमतं. चालू गोष्टीच्या मधून उठवलं की रडारड होते, संपलेल्या गोष्टीवरून उठताना होत नाही. लहान मूल घरात असलेल्या प्रत्येकानं हे पाहिलं आहे.

यूट्यूबनं २०२१ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलांच्या खात्यांवर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं मुळातच बंद ठेवायचं जाहीर केलं. चांगलीच गोष्ट झाली. पण आपल्या हॉलमधल्या टीव्हीवर खातं असतं बाबांचं. त्यामुळे ती काळजी आपल्या मुलापर्यंत पोचतच नाही. बाबांनी पाहिलेली क्रिकेटची भांडणं, आईनं पाहिलेल्या पाककृती आणि मुलाची कार्टून यांची एकच खिचडी होते आणि तिच्यातून उद्या काय दाखवायचं ते ठरतं. निदान आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याचं सेटिंग आजच बंद करा. त्याला कुठलीही डबी लागत नाही.

वेळेचं गणित तुम्हाला ठाऊक असेलच, तरी एकदा सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२१ मध्ये सांगितलेलंही याच दिशेचं आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पाचपर्यंत एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाच ते दहा वर्षांना दोन तासांच्या आत. या 'देखरेखीखाली' शब्दाकडे आपलं लक्ष जात नाही. आपण तास मोजतो आणि सोबत विसरतो. फोनवर सोबत होऊच शकत नाही. सहा इंचांच्या पडद्यात दोन डोकी मावत नाहीत. हॉलमधल्या टीव्हीसमोर मात्र सगळं घर मावतं.

सोबत म्हणजे काय, ते सांगते. परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) मुलांबरोबर बघा. पंढरपूरच्या एका मुलाची सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. घरची अडचण अशी की ती सायकल विकायची वेळ येते आणि बहीणभाऊ ती वाचवायला धडपडतात. एका जागी थांबवून विचारा, 'तू असतास तर काय केलं असतंस?' आमच्याकडे या प्रश्नानंतर सिनेमा बराच वेळ थांबूनच राहिला होता आणि कोणाचीच तक्रार नव्हती. मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या'त (२००८) शेतकऱ्याच्या मुलाचा त्याच्या बैलावर जीव असतो. शहरातल्या मुलाला त्यातलं निम्मं कळत नाही, आणि तिथेच आजोबांना बोलायला जागा मिळते. अविनाश अरुणचा 'किल्ला' थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवा. १९५३ चा अत्रे यांचा 'श्यामची आई' राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट होता. आजच्या मुलांना तो संथ वाटेल, म्हणून एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. थोडा थोडा बघा. माजिद मजिदींचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) फारसीत आहे, पण बुटांच्या एकाच जोडावर शाळा करणारे बहीणभाऊ समजायला भाषा लागत नाही. मियाझाकींचा जपानी 'माय नेबर तोतोरो' (१९८८) अगदी लहानग्यांनाही चालतो. आपल्या घराची अशी यादी करायला एक रविवार लागतो. यादी मुलांना बरोबर घेऊन करा, म्हणजे ती त्यांचीही होते.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं डिस्कवर आणायचं कुठून? मी इथे ठाम आहे. चोरीचं आणू नका. कोडीवर फुकट सिनेमे दाखवणारी जोडसॉफ्टवेअर नेटवर ढिगानं मिळतात. ती बेकायदा आहेत, त्यांतून मुलांसमोर काय येईल याचा भरवसा नाही, आणि 'घरात चोरी चालते' हा धडा मूल न शिकवता शिकतं. घरी ठेवण्यासारखं रीतसर पुष्कळ आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग उरला आहे तो, प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम', हे सगळं आज सर्वांचं आहे. ब्लेंडर या संस्थेनं 'बिग बक बनी' (२००८), 'सिंटेल' (२०१०) असे अ‍ॅनिमेशनपट कोणीही उतरवून घ्यावेत, वाटावेत म्हणून मुद्दाम खुले ठेवले आहेत. 'बिग बक बनी'मधला गलेलठ्ठ ससा लहान मुलांना फार आवडतो. 'सिंटेल' मात्र दु:खी आहे, तो दहाच्या पुढच्यांना दाखवा.

पण डिस्कवर सर्वांत आधी जायला हवं ते आपल्या घरातलंच. तुमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट माळ्यावर असेल. धाकट्या काकांची मुंज, आजोळचं बारसं, एखाद्या गॅदरिंगमधला नाच. या कॅसेटवरचं चित्र चुंबकीय पट्टीवर असतं. ते वर्षागणिक फिकट होत जातं आणि आपल्या दमट हवेत पट्टीला बुरशीही लागते. ती लावायची यंत्रंही आता नवी मिळत नाहीत: जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि ती जगातली शेवटची होती. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका. मोठ्या गावांत जुने फोटो स्टुडिओ अजून कॅसेट डिजिटल करून देतात. बुरशी दिसली तर कॅसेट घरी लावून पाहू नका, आधी त्यांना दाखवा. एकदा फाइल हातात आली की तिची एक प्रत टीव्हीच्या डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवा. डिस्क कधी ना कधी बंद पडतेच.

मुलांना हे फार आवडतं, हे मी छातीठोकपणे सांगते. आपली आई दोन वेण्यांत, बाबा मिशीशिवाय, आणि ज्यांना फोटोतच पाहिलं त्या पणजीचा चालता-बोलता आवाज. कार्टून बाजूला ठेवून मुलं तीच कॅसेट पुन्हा पुन्हा मागतात, मग प्रश्न सुरू होतात: हे कोण, ते घर कुठलं, तू रडत का होतीस? फोटोही ठेवा. आपण फोनमध्ये हजारो काढतो आणि ते कोणी बघत नाही. वर्षाचे निवडक पन्नास वेगळे काढून 'आमचं घर' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, टीव्हीवर ते आपोआप सरकत राहतात. आणि आजी-आजोबा असतील तर आत्ताच त्यांच्याकडून एकेक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून घ्या: भोंडल्याची गाणी, गिरणीच्या संपाची आठवण, पुराची आठवण, पुरणपोळीचं प्रमाण. आवाज नीट यावा म्हणून तेवढा पंखा बंद करा.

आता डबीबद्दल. तीन वाटा आहेत.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल आणि त्याला एचडीएमआय असेल तर नवं काही घेऊच नका. कोडी टाका, केबल लावा, महिनाभर वापरून बघा. त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, एवढं मात्र आधी पाहा. फुगली असेल तर तो लॅपटॉप टीव्हीजवळ नकोच.

दुसरी वाट रास्पबेरी पायची. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी मुलांनी संगणक आतून शिकावा म्हणून हा एका पाटीचा संगणक केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो बाजारात आला, किंमत ३५ डॉलर. घरोघरच्या हौशींनी लगेच त्यावर सिनेमे लावायला सुरुवात केली. आज पाय ४ (२०१९) आणि पाय ५ (२०२३) या कामाला उत्तम आहेत. लिब्रेइलेक नावाची फुकट प्रणाली मेमरी कार्डवर उतरवली की थेट कोडीच सुरू होतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याला नेहमीची एचडीएमआय केबल बसत नाही, एका टोकाला मायक्रो एचडीएमआय लागतं. आणि त्याचाच अ‍ॅडॅप्टर घ्या. पाय ५ ला २७ वॅटचा लागतो. फोनच्या चार्जरवर तो मधेच अडखळतो आणि मग आपण विनाकारण यंत्राला नावं ठेवतो.

तिसरी वाट म्हणजे तयार मिनी पीसी. इंटेलनं २०१३ च्या सुमारास नक या नावानं असे छोटे चौकोनी संगणक आणले. २०२३ मध्ये ते काम आसूसकडे गेलं. आता एन-१०० प्रोसेसरचे कितीतरी मिनी पीसी मिळतात. हा प्रोसेसर सहा वॅटच्या वर्गातला, म्हणजे एखाद्या लहान एलईडी दिव्याइतकी वीज. पंख्याचा आवाज जवळजवळ नसतो आणि फोर-के चित्र सहज चालतं. माझ्या मते ज्यांना जोडाजोडीची हौस नाही त्यांनी हाच घ्यावा.

रिमोटची काळजी नको. एचडीएमआयमध्येच सीईसी नावाची सोय असते. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सुरू केली की पायवरचं कोडी टीव्हीच्याच रिमोटनं चालतं. मिनी पीसीवर ही सोय बहुधा नसते, तिथे छोटा वायरलेस कीबोर्ड घ्यावा लागतो. डबी बंद कपाटात कोंबू नका, मे महिन्यात ती तापते. वीज ये-जा करत असेल तर मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवा किंवा कार्डाऐवजी एसएसडी वापरा.

एक इशारा कळकळीनं देते. 'सगळे चॅनेल फुकट' असं लिहिलेले अनोळखी नावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. २०२३ च्या सुरुवातीला टी-९५ नावानं विकल्या जाणाऱ्या अशा एका बॉक्समध्ये आधीपासूनच घातक सॉफ्टवेअर भरलेलं सापडलं. पुढे संशोधकांनी अशा बॉक्सचं मोठं जाळं उघड केलं, त्याला बॅडबॉक्स हे नाव पडलं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना जाहीर सावध केलं. असा बॉक्स तुमच्या घरच्या वाय-फायवर बसतो, ज्यावर तुमची बँकही चालते आणि मुलाची शाळाही.

टीव्हीसुद्धा आपल्याकडे बघत असतो. व्हिझिओ या अमेरिकी टीव्ही कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक सेकंदासेकंदाला काय बघतात ते त्यांची संमती न घेता नोंदवलं, आणि २०१७ मध्ये त्या प्रकरणात तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. ही नोंद पडद्यावरच्या चित्रावरून घेतली जात असल्यानं बाहेरून जोडलेल्या डबीवरचं चित्रही त्यात येऊ शकतं. तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमधला 'प्रायव्हसी'चा भाग एकदा शांतपणे वाचा आणि जे बंद करता येईल ते बंद करा. सगळं डबीवरच बघणार असाल तर टीव्हीला इंटरनेट देऊच नका.

या डबीवर ओटीटीच्या मोठ्या सेवा नीट चालत नाहीत, हेही आधीच सांगते. डबीवर लिब्रेइलेकसारखी लिनक्स प्रणाली असेल तर त्या बहुधा पूर्ण स्पष्टतेचं चित्र देत नाहीत, हक्कांच्या कुलपांमुळे. त्यासाठी टीव्हीतलं अ‍ॅप किंवा विंडोजचा मिनी पीसी लागेल. मला ही अडचण वाटत नाही. मोठ्यांची मालिका एका जागी आणि मुलांचं दुसऱ्या जागी असलं की बरं पडतं. कोडीत प्रत्येकाची वेगळी प्रोफाइल करून तिला कुलूप लावता येतं. जेलीफिन हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर वापरलंत तर कोणाचं खातं किती वाजेपर्यंत चालेल हेही ठरवता येतं. पण कुलपाच्या भरवशावर राहू नका. हॉलमध्ये आपण असणं, हेच खरं कुलूप आहे.

आणि सिनेमे बघून झाल्यावर या डबीचं काम संपत नाही. ती संगणकच आहे. नेहमीची संगणक-प्रणाली सुरू करून कीबोर्ड-माउस लावला की त्याच टीव्हीवर मूल स्क्रॅचमध्ये मांजर चालवायला शिकतं. एमआयटीतल्या मिचेल रेसनिक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांसाठी केलेली ही भाषा ठोकळे जोडून लिहायची असते. टक्सपेंटमध्ये चित्रं काढता येतात. किविक्स घेतलं तर मराठी विकिपीडिया डिस्कवर उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. नेट धड न येणाऱ्या गावांसाठी मला ही फार मोठी सोय वाटते. १९८० च्या दशकात ब्रिटनमधली मुलं बीबीसी मायक्रो, झेडएक्स स्पेक्ट्रम असे संगणक घरच्या टीव्हीलाच जोडून प्रोग्रॅम लिहायची. त्यांच्यातलेच काही पुढे मोठे झाले आणि त्यांनी रास्पबेरी पाय केला. त्याच्या 'मॉडेल ए', 'मॉडेल बी' या नावांतही बीबीसी मायक्रोची आठवण आहे. हॉलमध्ये, आईबाबांच्या नजरेसमोर, मोठ्या पडद्यावर चुका करत शिकणं हे खोलीचं दार लावून फोनवर एकट्यानं बसण्यापेक्षा शंभर पटींनी निरोगी आहे.

'घरात आणखी एक यंत्र कशाला?' असं काही जण म्हणतील. त्यांचं म्हणणं मला पटतं, जर त्यांच्या घरी टीव्ही लागतच नसेल आणि मुलं संध्याकाळी मैदानावर असतील. असं घर असेल तर काहीही बदलू नका. पण ज्या घरात टीव्ही रोज लागतोच, तिथे पडदा वाढत नाही. आहे त्याच पडद्यावर कोणाचं चालायचं एवढंच बदलतं.

घाई मात्र करू नका. डबी दिवाळीनंतर घेतली तरी चालेल. येत्या रविवारी आधी माळ्यावरच्या कॅसेट खाली काढा, त्यांवरची धूळ पुसून नावं वाचा आणि मुलाला शेजारी बसवून एका वहीत यादी लिहायला सांगा.